एक फॉर्म बाद

सोमवार, ३ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांनी वर बोलावलं. मला वाटलं मुदत संपलेल्या सलाईनच्या खोक्यांबद्दल असेल, म्हणून उत्तर तयार करून गेलो होतो. ते वाया गेलं. वरून पत्र आलंय. रुग्णालयातले कर्मचारी स्वतःच्या दुखण्याला इतर उपचार किती वापरतात आणि त्यांचं त्याबद्दल मत काय, याची पाहणी करायची आहे. इतर उपचार म्हणजे झाडपाला, मालिश, सुया, चुंबक, साखरेच्या गोळ्या आणि जे काही आपल्या कपाटात नसतं ते सगळं. छापील फॉर्म, बारा प्रश्न, नाव लिहायचं नाही. "तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे," डॉक्टर म्हणाले. औषधांच्या खिडकीवर सगळ्यांनाच यावं लागतं, हे खरं कारण. पण मी मान डोलावली.

ही वही त्यासाठीच काढली. अहवालात बसत नाही ते इथे लिहीन. एकतीस वर्षं औषधं देतोय, तेव्हा माझं मत कुणाला वेगळं विचारायला नको. तरी नियम म्हणून पहिला फॉर्म मीच भरला. इतर उपचार वापरता का? नाही.

जेवल्यावर हिने नेहमीसारखं तळपायांना कोमट तेल लावून दिलं. दिवसभर खिडकीत उभं राहून टाचा ठणकतात, म्हणून वीसेक वर्षं लावते. ते औषध नव्हे, सवय. ही हल्ली खाली बसायला फार वेळ लावते. तोवर तेल गार होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फॉर्मची भाषा साध्या माणसाला कळते का ते बघायला दोन प्रती घरी आणल्या. हिला वाचायला दिल्या. चष्मा लावून तिने बाराही प्रश्न नीट वाचले.

"मी भरू का?" तिने विचारलं.

"तू कर्मचारी नाहीस. नुसतं शब्द कळतात का ते सांग."

"शब्द कळतात," ती म्हणाली. "नवव्याला एवढीच जागा?"

नववा प्रश्न असा: आपण हे आपल्या डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला सांगता का? नसल्यास कारण लिहा. पुढे एक ओळ. मी सांगितलं, कारण नेहमी एका ओळीत मावतं. मावत नसेल तर ते कारण नसतं, गाऱ्हाणं असतं.

हिच्याबद्दल दोन शब्द लिहून ठेवतो, कारण पुढे आकडे येतील. चार वर्षांपूर्वी हिच्या हृदयाची एक झडप बदलली. नवीन झडपेवर रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यायची. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दर सोमवारी आमच्याच रुग्णालयात काढतात. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गाठ, वर गेला तर रक्तस्राव. चार वर्षं मी तो हलू दिलेला नाही. पालेभाजीने आकडा बदलतो, म्हणून बुधवारी आणि शनिवारी मोजून दोन वाट्या, असा तक्ता मी स्वयंपाकघरात लावलाय. याद्या, तक्ते, अर्ज सगळं मीच करतो. हिला घरात काही लिहावं लागत नाही.

गुडघा दुखतो म्हणून मध्यंतरी ही वेदनाशामक मागत होती. या गोळीबरोबर वेदनाशामक म्हणजे आगीत तेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. पुन्हा मागितलं नाही. समजूतदार आहे.

दोन प्रतींपैकी एकच परत मिळाली. दुसरी रद्दीत गेली असेल.

सोमवार, १० फेब्रुवारी

खोकं लागलं. कापसाच्या पेटीला फट पाडली, कुलूप लावलं आणि प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकाशेजारी ठेवलं. तिथून सगळेच जातात.

हिचा आकडा ३.९. असं कधी झालं नव्हतं. मी प्रयोगशाळेत जाऊन मशीन कधी तपासलं होतं ते विचारलं. आमचा रक्तवाला (रक्त घेणारा आणि तपासणारा हाच, म्हणून सगळे त्याला रक्तवालाच म्हणतात) म्हणाला, मशीन ठीक आहे. मनाने फार चांगला माणूस आहे. स्वतः दोन्ही गुडघ्यांनी जेरीस आलाय, तरी हिला कधी ताटकळत ठेवत नाही. खात्रीसाठी पुन्हा रक्त घ्यायला हिच्या दंडाला पट्टी बांधताना त्याने हळूच विचारलं, "वहिनी, फरक पडला का?"

"खूप," ही म्हणाली.

मी म्हटलं, "अहो, फरक पडला म्हणून तर मी आलोय. तीनचे तीन पॉईंट नऊ झालेत." त्याने घाईघाईने सुई उचलली.

निघताना ही खोक्यापाशी जरा थांबली होती. कुलूप बघत असेल. कुलूप मजबूतच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पाहणीचं नाव काढताच लोकांना वेगळीच वाचा फुटते. फॉर्मवर कुणी काही लिहीत नाही आणि खिडकीत कोपर टेकून सगळं सांगतात.

भूल देणारे डॉक्टर गावाला झोपवतात, त्यांना स्वतःला झोप येत नाही. रोज अर्धा तास प्लॅस्टिकच्या काट्यांच्या चटईवर पडतात. पाठ दाखवली, चाळणी झालीय. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, कारण चटई म्हणजे उपचार नव्हे, फर्निचर आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या मनगटात चुंबकाचं कडं आहे. ते म्हणाले, घड्याळाबरोबर फुकट आलं. घड्याळ कुठेय विचारलं तर दुरुस्तीला दिलंय. मेट्रनबाईंनी लसीच्या फ्रिजमध्ये लेबल नसलेली हिरवी बाटली ठेवलीय. मी हात लावताच म्हणाल्या, "भाऊ, ती माझ्या डोकेदुखीची आहे, तिला हलवायचं नसतं."

आणि हेच लोक वॉर्डात रोग्याने लसणाची कुपी खाल्ली म्हणून त्याला फैलावर घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी मेट्रनबाईंना विचारलं, रोगी तुम्हाला सांगतात का, बाहेरचं काय घेतात ते?

"कशाला सांगतील?" त्या म्हणाल्या. "सांगितलं की आम्ही ओरडतो."

"मग विचारायचं न ओरडता."

"तुम्ही विचारता?" असं म्हणून त्या गेल्या. बाई हुशार आहे, पण बोलणं तुटक.

सोमवार, १७ फेब्रुवारी

खोकं उघडलं. फॉर्म निघाले एकशे तेरा. एक बाद. वैध एकशे बारा. त्यातले सत्त्याण्णव 'नाही'. या रुग्णालयाइतकं शुद्ध आचरणाचं ठिकाण शोधून सापडायचं नाही.

बाद फॉर्मवर हुद्द्याच्या जागी लिहिलंय: 'घरकाम. पगार नाही.' धुलाई विभागातली कुणी असणार. तिथल्या बायकांना अजून कायम केलेलं नाही, त्याचा राग माझ्या फॉर्मवर काढलाय. अक्षर टपोरं, नीटस, ओळखीचं नाही. बाद फॉर्म पुढे वाचायचा नसतो, नाहीतर मन नकळत तिकडे झुकतं. लिफाफ्यात घातला, वर 'बाद – १' लिहिलं आणि लिफाफा बंद केला. नियम म्हणजे नियम.

हिचा आकडा ४.६. मी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. रक्तवाल्याला म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं. हिच्या आहारात, गोळीत, कशातही बदल नाही, घरी मी आहे, म्हणजे मशीनच बिघडलंय. आधी तो नाही म्हणत होता. मग म्हणाला, "असेलही. तुम्ही म्हणताय तर कंपनीच्या माणसाला बोलावतो." डॉक्टरांना विचारून हिची गोळी पाव भागाने कमी केली.

रविवार, २३ फेब्रुवारी

हिच्या दंडावर निळा डाग, पेरूएवढा. कपाटाचं दार लागलं म्हणाली. दात घासताना पाणी गुलाबी येतं, म्हणून मऊ ब्रश आणून दिला. पालेभाजीचा तक्ता पुन्हा तपासला. बुधवारी अडीच वाट्या झाल्या असाव्यात अशी मला शंका आहे. पण पालेभाजीने आकडा खाली जातो, वर नाही. तेव्हा तेही नाही.

एक चांगली गोष्ट म्हणजे ही हल्ली भराभर जिने चढते. तेल लावायलाही पटकन खाली बसली. गुडघा आपोआपच बरा झालेला दिसतो. मी म्हटलंच होतं, थोडं सोसलं की शरीर स्वतःच मार्ग काढतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी ही स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेना. ओठ पांढरे. "चार दिवस शौचाला काळं होतंय," म्हणाली. चार दिवस! मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही पाहणीत होतात."

आमच्याच रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. पोटात रक्तस्राव. आकडा ८.२. रक्ताच्या दोन पिशव्या, आकडा उतरवायचं इंजेक्शन. सोमवारचं रक्त काल तपासायचंच राहिलं होतं, मशीन उघडून ठेवलं होतं कंपनीच्या माणसाने. माझ्याच तक्रारीवरून.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हिला विचारलं, "काकू, बाहेरचं काही घेता का? पावडर, काढा, काही?"

मी म्हटलं, "नाही. घरी मी आहे."

त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं.

आज खिडकीत एकाला चुकीची पट्टी देता देता वाचलो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आकडा ३.१ वर आला. रक्त थांबलं. हायसं वाटलं. हिने घरून चष्म्याचं घर आणायला सांगितलं, डब्यांच्या फळीवर मागच्या बाजूला. चष्मा तर डोळ्यांवर होता. पण आजारी माणसाला नाही म्हणू नये. आणून दिलं. चांगलंच भरलेलं होतं, आत पुसायचं फडकं वगैरे असेल.

"उठून बसताच येत नाही हो," ती म्हणाली. अशक्तपणा. मी पाठीशी उशी दिली.

शनिवार, १ मार्च, दुपार

काल संध्याकाळी पुन्हा काळं झालं. सकाळी आकडा ५.४. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन आल्या. असं का होतंय ते कळत नाही, म्हणाल्या. पातळ करणारी गोळी बंदच केलीय आणि तरी आकडा चढतोय. फार दिवस बंद ठेवली तर झडपेवर गाठ धरेल. चालू केली तर पोटातलं रक्त थांबायचं नाही. "काका, नीट आठवा. काही तरी असणार."

मी म्हटलं, काही नाही. मग जिन्यात उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी त्या जिन्यात कधी थांबलो नव्हतो. मला भीती वाटली, हे इथे लिहून ठेवतो. हिच्याशिवाय घरात मला मीठ कुठे असतं तेही माहीत नाही.

अहवाल सोमवारी द्यायचाय. हाताला काही काम हवं म्हणून औषधखान्यात येऊन बसलो. शेवटच्या रकान्यात बाद फॉर्मची संख्या आणि कारण लिहायचं असतं. लिफाफा फोडला.

जसंच्या तसं उतरवतो.

हुद्दा: घरकाम. पगार नाही.

इतर उपचार वापरता का? हो.

कोणते? गुडघ्याची पावडर. सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

कुठे ठेवता? हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. तिने स्वतःच लिहिलंय: डब्यांच्या मागे, चष्म्याच्या घरात.

कुणी सुचवलं? रुग्णालयातल्या एका भल्या माणसाने. त्यांना बोल लावू नये.

फायदा झाला का? जिना चढता येतो. तेल लावायला खाली बसता येतं.

नववा. आपण हे आपल्या डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला सांगता का? नसल्यास कारण. तिची ओळ पुरलेली नाही. अक्षर समासात चढून वरून फिरून पुन्हा खाली आलंय. 'औषध देणारे घरातच आहेत. गुडघा दुखतो हे त्यांना चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगवत नाही. त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण ते विचारत नाहीत, सांगतात.'

मी वर जातोय.

सोमवार, ३ मार्च

दोन जिने मी कसे चढलो ते आठवत नाही. हिच्या उशाखालून चष्म्याचं घर काढलं. आत कागदाच्या पुड्या, सात शिल्लक. ही नुसती बघत होती. मी एक पुडी उघडून बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. पाल्याचा वास वरवरचा होता. खालचा कडूपणा माझ्या ओळखीचा. लहान मुलांसाठी गोळ्या कुटून पुड्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, ती चव मी झोपेतही ओळखेन. कुटलेली वेदनाशामक, आणि भरपूर. जी मी हिला द्यायला नाही म्हटलं, तीच ही तीन-चार आठवडे घेत होती, मापाशिवाय. पुड्या तपासायला पाठवल्यात. उत्तर येईल तेव्हा येईल, पण माझी खात्री आहे.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे न बघता परत केला. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "गुडघ्याला बरंच काही देता येतं, काका. शेक, व्यायाम, वरून लावायचं, एक साधी गोळी मोजून. फक्त सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला."

आज आकडा ३.४. काळं थांबलंय.

रक्तवाल्याकडेही गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्याने आधीच ऐकलं होतं, उभ्याउभ्या रडायला लागला. स्वतः घेतो, आईलाही देतो, म्हणाला. झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय, असं वाटलं. वहिनी जिन्यात कठड्याला धरून चढत होत्या, बघवेना.

"अहो, पण आकडा तुम्हीच मोजत होतात ना? चढताना दिसला नाही?"

"दिसला," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात मशीन बिघडलंय."

त्याच्या आईच्या पुड्या बंद करायला सांगितल्या आणि परत आलो.

बुधवार, ५ मार्च

अहवाल दिला, दोन दिवस उशिरा. वैध फॉर्म एकशे तेरा. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, बाद एकही नाही? नाही म्हटलं. हुद्द्यांच्या यादीत एक ओळ वाढवली, तीही त्यांनी वाचली. मग शर्टाच्या बाहीखालून दोऱ्यात बांधलेलं कसलंसं मूळ दाखवलं आणि म्हणाले, याने रक्तदाबाला काही होत नाही ना? मी त्यांना बसवून घेऊन सगळं विचारलं. पाऊण तास लागला. न ओरडता विचारायला फार वेळ लागतो.

माझा स्वतःचा फॉर्मही दुरुस्त करायचा होता. 'नाही' खोडून 'हो, पायाला तेल, वीस वर्षं' असं लिहायचं होतं. पण सत्त्याण्णवांत माझा कुठला ते सापडेना. सगळे 'नाही' सारखेच दिसतात.

रविवार, ९ मार्च

ही काल घरी आली. जिना चढवताना मी तिचा हात धरला होता. प्रत्येक पायरीला ती थांबत होती. पावडर नाही म्हटल्यावर दुखणारच. शेकायची पिशवी आणली, व्यायाम शिकवणारी बाई मंगळवारपासून येणार. स्वयंपाकघरातला तक्ता काढला. ही म्हणाली, राहू द्या, भिंतीवर डाग दिसतो. पुन्हा लावला.

जेवल्यावर ती सवयीने तेलाची वाटी घेऊन आली. मी ती काढून घेतली, तिला खुर्चीत बसवलं, आणि माझं मीच लावून घ्यायला गेलो. टाचेपर्यंत हात पोचत नाही. ही हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग कोरा फॉर्म आणि पेन घेऊन मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आता कशाला? अहवाल गेला ना?" ती म्हणाली.

"हा अहवालाचा नाही. मी विचारतो, तू सांग. मध्ये बोलणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

पहिला प्रश्न छापील नव्हता, मनानेच विचारला. गुडघा कधीपासून दुखतो?

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, खरंच विचारतोय का ते बघत असावी.

"कुठला?" ती म्हणाली.

इतकी वर्षं मी एकच धरून चाललो होतो.